जवस खाल्ले, पुढे शरीरात काय होते?

इतवारीत मस्कासाथकडून किराणा ओळीकडे चालत गेले की तेलाच्या डब्यांची आणि पिप्यांची रांग संपत नाही. सोयाबीन, सरकी, फल्ली, सूर्यफूल, पाम, मोहरी. वस्तीतली बाई महिन्याचे तेल घेताना एकच हिशेब करते, तो म्हणजे लिटरला भाव किती. हातावर पोट असलेल्या घरात दुसरा हिशेब करायला सवड नसते. पण त्याच बाजारात धान्याच्या पोत्यांमध्ये तपकिरी, चपटे, चकचकीत दाणे दिसतात. ते जवस. आपल्या आज्या-पणज्यांच्या स्वयंपाकात जवसाचे तेल रोजचे होते. नागपूरच्या सावजी रश्श्याची जुनी चव याच तेलाची. आता जवस उरले ते चटणीपुरते, आणि चटणीही आठवण झाली तर.

दुसरीकडे औषधाच्या दुकानात 'ओमेगा-३' लिहिलेल्या कॅप्सूलच्या बाटल्या वाढल्या आहेत. सून गरोदर राहिली की कोणीतरी सांगते, या घ्या, बाळाचा मेंदू चांगला होईल. बाटलीची किंमत पाहून सासू विचारते, 'मग आपण जवसच खाऊ ना, त्यातही ओमेगा-३ असते म्हणतात.' सासूचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कुठले अर्धे, हे समजायचे तर जवस पोटात गेल्यावर शरीर त्याचे काय करते ते पाहावे लागेल.

साखळी आणि तिचे बाक

तेल पचले की त्यातून मेदाम्ले सुटी होतात. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी. सगळ्या कड्या साध्या जोडलेल्या असल्या तर साखळी सरळ राहते. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून वनस्पती तूप थंडीत दगडासारखे होते. साखळीत कुठे दुहेरी बंध असला तर तिथे बाक येतो. बाकदार साखळ्या नीट रचल्या जात नाहीत, म्हणून तेल पातळ राहते. ज्या साखळीत असे दोन किंवा जास्त बाक असतात तिला बहु-असंतृप्त मेदाम्ल म्हणतात.

हे बाक उगाच नसतात. आपल्या प्रत्येक पेशीभोवती जो पातळ पडदा असतो तो बहुतेक याच साखळ्यांनी बनतो. पडदा लवचिक हवा असेल तर बाकदार साखळ्या हव्यात. मेंदूच्या पेशी आणि डोळ्यातला प्रकाश टिपणारा पडदा यांना तर सर्वांत जास्त बाकाची साखळी लागते. ती २२ कड्यांची आणि ६ बाकांची असते. तिचे लहान नाव डीएचए.

साखळीच्या शेपटाकडून मोजत गेल्यावर पहिला बाक तिसऱ्या कडीवर आला तर ते ओमेगा-३, सहाव्या कडीवर आला तर ओमेगा-६. जवसातले मुख्य मेदाम्ल अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे एएलए. ते १८ कड्यांचे, ३ बाकांचे, ओमेगा-३ घराण्यातले. सोयाबीन, सरकी, सूर्यफूल या तेलांतले मुख्य मेदाम्ल लिनोलेइक. तेही १८ कड्यांचे, पण २ बाकांचे आणि ओमेगा-६ घराण्यातले. नावे एवढी सारखी ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांना काय म्हणावे! आपण पुढे 'ओमेगा-३' आणि 'ओमेगा-६' एवढेच लक्षात ठेवू.

साखळीत बाक पाडण्याचे काम एन्झाइम करतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकर म्हणतात. बाक पाडणारे एन्झाइम साखळीतले हायड्रोजनचे दोन अणू काढून घेते आणि तिथे दुहेरी बंध तयार होतो. हे काम त्याच्या पोटातल्या लोहाच्या दोन अणूंच्या जोरावर चालते. लोहाची ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

माणसाजवळ बाक पाडणारी एन्झाइम आहेत, पण ती साखळीच्या डोक्याकडच्या भागातच पोचतात. शेपटाकडे तिसऱ्या किंवा सहाव्या कडीवर बाक पाडण्याचे हत्यार आपल्याजवळ नाही. ते वनस्पतींजवळ आहे. म्हणून ओमेगा-३ आणि ओमेगा-६ ची पहिली साखळी अन्नातूनच यावी लागते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये हे दाखवून दिले. उंदरांना स्निग्ध पदार्थ अजिबात न देता बाकी सगळे पोषण दिले, तरी त्यांची कातडी खवलेदार झाली आणि वाढ थांबली. थोडे योग्य तेल दिल्यावर ते सुधारले. त्याआधी तेल म्हणजे फक्त ताकद देणारे जळण, अशीच समजूत होती.

महाराजबागेजवळचे जवस

जवसाच्या दाण्यात हे बाक कसे पडतात याचा अभ्यास आपल्याच राज्यात झाला आहे आणि त्यात नागपूरचा हात आहे. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात जवसावर बरीच वर्षे संशोधन चालते. एनएल-९७, एनएल-२६० हे वाण तिथलेच. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पुण्याच्याच भारती विद्यापीठातले संशोधक आणि नागपूरचे जवस-तज्ज्ञ यांनी मिळून भारतातले जवसाचे दहा वाण घेतले. फूल गळल्यावर दाणा भरत जातो, त्या काळात निरनिराळ्या टप्प्यांवर दाण्यात कोणते एन्झाइम किती तयार होते ते मोजले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

दाण्यात काम पाळीने होते. पहिले एन्झाइम एक बाक पाडते, दुसरे दुसरा, तिसरे तिसरा. ज्या वाणांत तिन्ही पाळ्या जोरात चालतात तिथे ओमेगा-३ भरपूर होते. ज्या वाणांत पहिली पाळी नीट चालते पण पुढच्या पाळ्या मंदावतात तिथे माल अर्ध्यातच अडकतो, म्हणजे एक किंवा दोन बाकांवर थांबतो. एका वाणात तर तिसऱ्या एन्झाइमचा नकाशा एका अक्षराच्या फरकाने मध्येच तुटला होता. एन्झाइम अपुरे तयार झाले आणि त्या दाण्यात ओमेगा-३ दोन टक्क्यांहूनही कमी उरले. नेहमीच्या जवसात तेलाच्या निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-३ असतो, त्या मानाने हे काहीच नाही. एका एन्झाइमवर किती अवलंबून असते ते यावरून कळते.

पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत पीक उभे असतानाच ओलीवर जवस किंवा लाखोळी टाकायची पद्धत होती. तिला उतेरा म्हणतात. वेगळे पाणी नाही, खत नाही, तरी घरापुरते तेल निघायचे. सोयाबीन आले, बाजाराला सोयाबीन हवे होते, जवसाचा पेरा कमी होत गेला. जवस ताटातून गेले ते कोणी वाईट ठरवले म्हणून नाही, पेरणाऱ्याला परवडले नाही म्हणून.

एकच काटा, दोन रांगा

आता आपल्या शरीराकडे येऊ. जवसातून १८ कड्यांची, ३ बाकांची साखळी मिळाली. हवी आहे २२ कड्यांची, ६ बाकांची. ही कारागिरी मुख्यतः यकृतात चालते. आधी एक एन्झाइम चौथा बाक पाडते. मग दुसरे एन्झाइम दोन कड्या वाढवते. मग तिसरे पाचवा बाक पाडते. इथे २० कड्यांचे ईपीए तयार होते. त्यानंतर पुन्हा दोन कड्या, पुन्हा दोन कड्या, म्हणजे २४. मग सहावा बाक. मग पेशीतल्या दुसऱ्या खोलीत नेऊन दोन कड्या कापायच्या, तेव्हा कुठे २२ कड्यांचे डीएचए हाती येते. इतका फेरा कशाला, असा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता.

या फेऱ्यातली मेख अशी की पहिला बाक पाडणारे आणि शेवटचा बाक पाडणारे एन्झाइम एकच आहे. आणि हेच एन्झाइम ओमेगा-६ च्या साखळीवरही काम करते. धान्य बाजारात एकच वजनकाटा आहे आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांच्या रांगा लागल्या आहेत, असे समजा. एन्झाइमला ओमेगा-३ जास्त पसंत आहे, हे खरे. पण समोर ओमेगा-६ च्या पन्नास गाड्या आणि ओमेगा-३ ची एक गाडी असेल तर त्या पसंतीला काय अर्थ राहतो? शिवाय वाटीभर जवस एकदम खाल्ले तर पहिल्याच टप्प्याला एवढी गर्दी होते की शेवटच्या बाकासाठी काटा मोकळा मिळत नाही. म्हणून जास्त खाल्ले की जास्त डीएचए, असे होत नाही.

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी २००२ मध्ये थोड्या निरोगी तरुण-तरुणींवर हे मोजले. तरुणांमध्ये जवसासारख्या ओमेगा-३ पैकी सुमारे ८ टक्क्यांचे ईपीए झाले आणि डीएचए ० ते ४ टक्के. तरुणींमध्ये ईपीए सुमारे २१ टक्के आणि डीएचए ९ टक्क्यांपर्यंत. बाईच्या शरीरातले इस्ट्रोजेन या कामाला हातभार लावते असे मानतात. त्यामागे कारणही आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू झपाट्याने वाढतो आणि त्याला लागणारे डीएचए आईच्या रक्तातून जाते.

सासूचे अर्धे बरोबर ते असे. जवसातून डीएचए तयार होते, पण फार थोडे.

पुण्याची माणसे, कान्ससची माणसे

हे एन्झाइम सगळ्यांत सारखेच चालते का? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी पुण्यातल्या सहकाऱ्यांसोबत २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्यातली २३४ माणसे, बहुतेक शाकाहारी, आणि अमेरिकेच्या कान्ससमधली ३११ माणसे. पहिला बाक पाडणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाजवळ एक छोटा तुकडा जास्तीचा असतो किंवा नसतो. आई आणि वडील दोघांकडूनही हा तुकडा मिळालेली माणसे पुण्याच्या गटात ६८ टक्के निघाली, कान्ससच्या गटात १८ टक्के. हा तुकडा असला की एन्झाइम जास्त तयार होते आणि १८ कड्यांच्या साखळीतून लांब साखळ्या जास्त बनतात. पिढ्यान्‌पिढ्या मासे-मांस कमी मिळालेल्या लोकांना त्याचा फायदा झाला असावा, असा त्यांचा तर्क आहे.

पण एन्झाइम जास्त म्हणजे सगळे चांगले, असे नाही. असा माणूस ओमेगा-६ चे तेल भरपूर खाऊ लागला तर त्याच्या शरीरात अॅराकिडॉनिक आम्लही जास्त बनते. सूज आणि रक्त गोठणे यांना चालना देणारे पदार्थ त्यापासून तयार होतात. तेव्हा काही वर्तमानपत्रांनी शाकाहाराने कर्करोग होतो असे मथळे दिले. अभ्यासात तसे काही सिद्ध झालेले नव्हते. आपल्याकडे शाकाहाराला पुण्य चिकटवणारे लोक आहेत, तिकडे पाप चिकटवले गेले. यकृतातल्या एन्झाइमला दोन्हीशी देणेघेणे नाही. त्याच्यासमोर कोणती साखळी किती आली, एवढेच त्याला कळते.

मग तेल कोणते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा सल्ला आहे की ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे प्रमाण ५ ते १० ला १ असे असावे. हिशेब करून पाहू. एक माणूस दिवसाला २५ ग्रॅम सूर्यफुलाचे तेल खातो. त्यात ओमेगा-६ सुमारे १५ ग्रॅम, ओमेगा-३ जवळजवळ शून्य. सरकी आणि फल्ली तेलातही ओमेगा-३ नसल्यासारखेच. आता त्याच माणसाने दिवसाला एक मोठा चमचा, म्हणजे १० ग्रॅम, जवसाची कोरडी चटणी खाल्ली. त्यातून ओमेगा-३ सुमारे २ ग्रॅम मिळते. प्रमाण साडेसात-आठला एक झाले. एका चमच्याने हिशेब जागेवर आला.

सोयाबीन तेलाला मात्र उगाच शिव्या देऊ नयेत. त्यात निम्मे ओमेगा-६ असले तरी सुमारे ७ टक्के ओमेगा-३ असते. त्याचे प्रमाण जवसाशिवायही साडेसातला एक पडते. मोहरीच्या तेलातही सुमारे १० टक्के ओमेगा-३ असते. ज्या घरात सरकी, सूर्यफूल किंवा फल्ली तेलच चालते त्या घराला जवसाची गरज सर्वांत जास्त. पण तेल कोणतेही असो, तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले तर या एन्झाइमला त्रास होतो. अशा तेलात आणि जुन्या पद्धतीच्या वनस्पती तुपात ट्रान्स मेदाम्ले असतात आणि ती बाक पाडणाऱ्या एन्झाइमच्या कामात अडथळा आणतात. आटोक्यात नसलेली साखर आणि रोजची दारू यांनीही हे एन्झाइम मंदावते.

तयार डीएचए हवे असेल तर ते प्राण्यांकडून मिळते. मासेसुद्धा ते बहुतेक स्वतः बनवत नाहीत. पाण्यातले सूक्ष्म शेवाळ बनवते, ते लहान जीव खातात, त्यांना मासे खातात. समुद्राच्या माशात ते जास्त, रोहू-कतल्यासारख्या गोड्या पाण्याच्या माशात कमी, पण असते. सुके बोंबील स्वस्तात काम करतात. मीठ जास्त असल्याने ते आधी पाण्यात चांगले धुवावे, आणि बीपी असणाऱ्याने बेतानेच खावे. अंड्याच्या पिवळ्या बलकात थोडे असते, म्हणून गरोदर बाईने बलक टाकू नये. आणि मुंडीतला भेजा, ज्याला कोणी नाक मुरडते, त्यात तर भरपूर असते. त्यात कोलेस्टेरॉलही तेवढेच, म्हणून तो रोजचा पदार्थ नाही. आठवड्यातून एक-दोनदा मासे आणि बाकी दिवशी अंडी खाणाऱ्या गरोदर बाईने डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिल्याशिवाय महागडी बाटली घेण्याची गरज नाही. तेच पैसे अंड्यांवर खर्च करावे.

लोह आणि सिकलसेल

बाक पाडणाऱ्या एन्झाइमच्या पोटात लोह असते, हे वर आले. लोह कमी पडलेल्या उंदरांमध्ये हे एन्झाइम मंदावते असे प्रयोगांत दिसले आहे. आशाताई देते ती लोहाची गोळी काळ्या शौचाला घाबरून खिडकीत ठेवून देणाऱ्या सुनांनी हे ध्यानात घ्यावे. गोळी रक्तासाठी तर हवीच.

पण घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर थांबा. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलवर लेख लिहिला, तेव्हापासून आपल्या समाजात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे हे नोंदलेले आहे. पाचपावली, इंदोरा, लष्करीबाग, कोणत्याही वस्तीत विचारा, कोणाच्या तरी घरी आहेच. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह साठत जाते. त्याला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशीच्या पडद्यात डीएचए आणि ईपीए कमी आढळते. सुदानमध्ये खार्तूमच्या डॉक्टरांनी १४० रुग्णांवर वर्षभर प्रयोग केला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. डीएचए आणि ईपीएच्या कॅप्सूल घेणाऱ्यांना कळांचे झटके कमी आले. ही आशेची गोष्ट आहे, पण तो प्रयोग तयार डीएचएचा होता, जवसाचा नव्हे. जवसाची चटणी खाल्ल्याने कळा थांबतील असे कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे पुरावा नाही. हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक आम्ल, भरपूर पाणी, वेळेवर लसी हे बंद करून काहीही सुरू करू नये. कॅप्सूलबद्दल विचारायचे असेल तर मेयो, मेडिकल किंवा डागा दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांनाच विचारा.

घरात आणताना

जवस अख्खे गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडते. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे, थंड झाले की कुटावे. कच्च्या जवसात थोडा विषारी अंश असतो, भाजल्याने तो कमी होतो. दिवसाला एक-दोन चमचे पुरे. गरोदर बाईने चटणीपुरतेच घ्यावे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावे.

ज्या बाकांमुळे जवस गुणकारी, त्याच बाकांवर हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो. म्हणून कुटलेले जवस आणि जवसाचे तेल लवकर खवट होते. आठवड्यापुरतेच कुटावे, झाकणाच्या डब्यात ठेवावे. तेल घाणीवरून छोट्या बाटलीत घ्यावे, तळणाला वापरू नये, भातावर किंवा चटणीत कच्चे घालावे.

हवेने घट्ट होण्याच्या याच गुणामुळे अळशीचे तेल रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे 'बॉइल्ड लिनसीड ऑइल' ते हेच, पण त्यात लवकर वाळावे म्हणून धातूंची रसायने मिसळलेली असतात. ते स्वस्त दिसले, वास ओळखीचा वाटला, तरी स्वयंपाकघरात आणायचे नाही. खाण्याच्या तेलाच्या बाटलीवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असतो. तो नसेल तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, बाटली परत ठेवावी.